कॅमेरा हलवण्याआधी

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठावर शेकडो मोबाईल उंचावले जातात. त्यांतले बहुतेक व्हिडिओ एकाच प्रकारचे असतात. गढूळ पाणी, त्यावरचा फेस, वाहत जाणारी एखादी फांदी, मग झूम आत आणि झूम बाहेर. पाणी खूप आहे एवढे त्यातून समजते, पण किती आहे ते समजत नाही. नाशिककर मात्र गोदाकाठच्या उंच मूर्तीवरून पुराबद्दल नेमका प्रश्न विचारतो: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले? पायाशी आहे, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, अशा उत्तरांवर काठावरचे दुकानदार माल हलवायचा की थांबायचे ते ठरवतात. क्युसेकचा आकडा ज्याच्या डोक्यावरून जातो त्यालाही ही मोजपट्टी कळते. म्हणून २०१६ किंवा २०१९ च्या पुराचा एखादा थरथरता, पुसट व्हिडिओसुद्धा, त्यात मारुती पूर्ण दिसत असेल तर, नुसत्या पाण्याच्या देखण्या चित्रीकरणापेक्षा जास्त सांगून जातो. पाणी हलते, मारुती हलत नाही, आणि त्यामुळेच पाणी चढल्याचे दिसते.

शॉट आणि अँगल कसे निवडावेत याचा विचार याच जागेपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. शिकवण्या आणि माहितीपुस्तिका सहसा कोष्टकापासून सुरुवात करतात. लाँग शॉट म्हणजे परिसराची ओळख, क्लोजअप म्हणजे भावना, खालून घेतलेला शॉट म्हणजे सामर्थ्य, वरून घेतलेला म्हणजे दुबळेपणा. ही कोष्टके पाठ करून कॅमेरा हातात घेतलेल्या माणसाचे काम लगेच ओळखू येते, कारण त्यात दर चार सेकंदांनी काहीतरी ‘अर्थपूर्ण’ घडत असते आणि बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एकट्या शॉटला पक्का अर्थ नसतो. त्याआधी प्रेक्षकाला कोणत्या अंतराची, कोणत्या उंचीची, कोणत्या बाजूची सवय झाली आहे, यावरून नव्या शॉटचा अर्थ ठरतो. तेव्हा गोष्ट कॅमेऱ्यातून सांगायची असेल तर आधी पाया ठरवावा: या गोष्टीत कॅमेरा एरवी किती लांब, किती उंच आणि कोणाच्या बाजूला उभा राहणार आहे. मग तो पाया कुठे आणि कशासाठी सोडायचा ते ठरवावे. पाया न ठरवता निवडलेले अँगल म्हणजे मारुतीविना पूर.

या म्हणण्याला आधार शोधायला नाशिकच्या माणसाला लांब जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, एक छोटा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोप वाढत असताना महिनाभर त्याची थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर मिनिट-दीड मिनिटात अंकुर फुटून वेल चढताना दिसला आणि तो पाहून पैसा लावणारा माणूस मिळाला. या प्रयोगात कॅमेऱ्याने काहीही ‘केले’ नाही. त्याने जागा सोडली नाही, अंतर बदलले नाही, आणि म्हणूनच वाढ दिसली. रोज वेगळ्या बाजूने, वेगळ्या उंचीवरून ते रोप टिपले असते तर महिनाभराच्या मेहनतीतून रोपाची काही चित्रे हाती आली असती. वाढ मात्र दिसली नसती.

फाळके १९१३ मध्ये नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, पुढे ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ अशी त्यांची महत्त्वाची कामे इथल्याच मुक्कामात झाली. त्यांचे जे चित्रण आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे पाहायला मिळते, त्यात कॅमेरा बहुतेक वेळा समोर, स्थिर आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल इतक्या अंतरावर असतो. आजच्या डोळ्याला हे नाटकासारखे वाटते. पण त्यांच्या चमत्कारांचे तंत्र पाहा. देव प्रकटतो, माणूस अदृश्य होतो, एकाचे दुसरे रूप होते. यासाठी कॅमेरा थांबवायचा, पात्र बदलायचे आणि पुन्हा फिरवायचा. मधल्या वेळात तिपाई केसभर सरकली तरी मागची भिंत उडी मारते आणि चमत्कार फसतो. म्हणजे प्रेक्षक ज्याकडे तोंडात बोट घालून पाहत होता तो चमत्कार, बाकी सगळी फ्रेम जागच्या जागी राहिल्यामुळेच घडत होता. जादूचे प्रयोग करणारा, छायाचित्रणात आणि रविवर्म्याच्या छापखान्याच्या कामात वर्षे घालवलेला हा माणूस कॅमेरा का हलवायचा नाही हे पुरेपूर जाणून होता.

यावर आक्षेप येईल की ही निवड कसली, नाइलाज होता. कॅमेरा हाताने फिरवायचा, फिल्म मंद, प्रकाशासाठी सूर्यावर अवलंबून, जवळ जाऊन माणसाच्या मागे धावणे शक्यच नव्हते. यात तथ्य आहे, आणि फाळक्यांच्या प्रत्येक फ्रेममागे सिद्धान्त शोधणे मलाही पटत नाही. पण १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात पाहिली की नाइलाजाचे उत्तर अपुरे पडते. कथा सुरू होण्याआधी फाळके आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा जवळून दाखवतात. ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते आणि मग तीच कृष्णाच्या वेषात दिसते. जवळचा शॉट त्यांना येत होता, तांत्रिकदृष्ट्या शक्य होता. तो त्यांनी सुरुवातीलाच, वेगळा काढून वापरला. त्याचा परिणाम असा की पुढे ती लहान मूर्ती पूर्ण उंचीत, इतर माणसांच्या गर्दीत दिसत राहिली तरी चेहरा आपल्या ओळखीचा असतो. तो आपण लांबूनही वाचू शकतो. आज कोणी विचारले की माहितीपटात मुख्य व्यक्तीचा क्लोजअप केव्हा द्यावा, तर हा एक विचार करण्याजोगा नमुना आहे: एकदा, लवकर, पुरेसा वेळ, आणि मग तिला तिच्या माणसांमध्ये सोडून द्यावे.

पाया ठरवताना पहिली गोष्ट अंतर. इथे मोबाईलवाल्यांनी एक साधी भौतिक बाब लक्षात ठेवावी. चेहऱ्याचा आकार बिघडतो तो लेन्सच्या नावामुळे नव्हे, कॅमेरा आणि चेहरा यांच्यातल्या अंतरामुळे. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद दृश्य पकडणारी असते, त्यामुळे चेहरा फ्रेमभर हवा असेल तर आपण हातभर अंतरावर जातो. तिथून नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ आणि कान त्या मानाने लांब पडतात. नाक फुगते, कान मागे जातात आणि आजीबाईंचा शांत चेहरा उगाच विचित्र दिसतो. पाच-सहा फूट मागे जा, फोनमध्ये दुप्पट किंवा तिप्पट दाखवणारी वेगळी लेन्स असेल ती वापरा. चेहरा तेवढाच मोठा येईल आणि माणसासारखा दिसेल. मागे गेल्यावर मागची भिंतही जवळ ओढल्यासारखी येते. म्हणजे चेहरा त्याच आकाराचा ठेवून परिसर मोठा करायचा की छोटा, हे पायांनी ठरवता येते. झूमचे बटण दाबण्याआधी चार पावले पुढेमागे चालून पाहा, हा सल्ला जुना असला तरी त्यामागचे हे कारण क्वचित सांगितले जाते.

अंतराला दुसरी बाजू आहे ती नात्याची. अनोळखी माणसाच्या ज्या अंतरावर आपण सहज उभे राहतो, तेवढ्याच अंतरावर प्रेक्षकालाही पहिल्यांदा उभे करावे. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला आलेल्या कुटुंबाचे डोळे लांबून ओढून फ्रेमभर दाखवले, तर प्रेक्षकाला त्यांच्या दुःखाशी जवळीक वाटत नाही, आपण चोरून पाहतो आहोत असे वाटते. तेच कुटुंब पाठीमागून, घाटाच्या पायऱ्यांसह, कमरेत वाकलेले दिसले तर प्रेक्षक स्वतः त्यांच्या मागे उभा राहतो. परवानगी घेणे हा सभ्यतेचा भाग आहेच, पण परवानगी मिळाल्यानेही सगळी अंतरे खुली होत नाहीत.

दुसरी गोष्ट उंची, आणि इथे मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक हौशी माहितीपटात हाच घोटाळा असतो. येवल्यात पैठणीचा कारागीर खड्डामागावर बसतो. पाय खड्ड्यात, बसायची जागा जमिनीलगत, नजर समोरच्या ताण्यावर खाली. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर. चित्रीकरण करणारा उभा राहतो, कॅमेरा पाच फुटांवर धरतो आणि सगळा माहितीपट नकळत वरून खाली बघत तयार होतो. निवेदनात कारागिराच्या कौशल्याचा गौरव चाललेला असतो आणि चित्र त्याचा टाळू दाखवत असते. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरीकडे मण्यांची प्रतवारी करायला खाली बसलेल्या बायका, तांबट आळीतला ठोके घालणारा कारागीर, यांच्याबाबतीतही तेच. उपाय बिनखर्चाचा आहे: बसा. ज्याचे काम दाखवायचे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणा आणि ती उंची त्या गोष्टीचा पाया धरा. मग ताण्यावरची नक्षी दाखवायला एकदा थेट वरून शॉट घेतला, तर तो कापडाचा शॉट म्हणून कळेल. माणसाला कमी लेखणारा वाटणार नाही.

खालून म्हणजे सामर्थ्य आणि वरून म्हणजे दुबळेपणा, हा नियम तपासून पाहायचा असेल तर लासलगावच्या बाजार समितीत जावे. लिलावाच्या वेळी कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओळीने लागतात. शेतकरी अनेकदा ट्रॉलीवर, कांद्याच्या ढिगाशी उभा असतो. व्यापारी आणि लिलाव पुकारणारे खाली जमिनीवरून एकेका ट्रॉलीजवळ येतात, कांदा हातात घेतात, बोली लागते आणि पुढे सरकतात. कोष्टकाप्रमाणे खालून शॉट घेतला तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर शेतकरी भव्य दिसेल. पण भाव ठरतो आहे तो खाली, आणि वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात त्या क्षणी फारसे काही नाही. खालून घेतलेला भव्य शॉट इथे चक्क खोटे बोलेल. कॅमेरा ट्रॉलीवर, शेतकऱ्याच्या खांद्यापाशी नेला तर खाली गोल करून उभी असलेली डोकी, हातांचे इशारे आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकणारा घोळका दिसतो. शॉट वरून आहे, तरीही बळ खालच्यांचे आहे हे कळते. कोणाकडे अधिकार आहे हे कॅमेऱ्याच्या कोनातून आपोआप उमटत नाही. निर्णय कोण घेतो आणि कोण वाट पाहतो, हे फ्रेममध्ये दिसावे लागते. ते दाखवणारी जागा शोधली की कोन तिच्या मागोमाग येतो.

तिसरी गोष्ट बाजू, म्हणजे कोणाच्या शेजारी उभे राहायचे. पंचवटीतल्या काळाराम मंदिराचे उदाहरण घेतो. पर्यटनाच्या व्हिडिओत काळ्या दगडाचे शिखर खालून, आभाळात घुसलेले दाखवतात. त्या कामाला ते योग्यच आहे. पण विषय २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाचा असेल, दादासाहेब गायकवाडांसह हजारो माणसे ज्या दारांबाहेर उभी राहिली त्याचा असेल, तर कॅमेऱ्याने आधी आत जाऊन सभामंडपाचे सौंदर्य टिपणे मला चूक वाटते. प्रेक्षकाला दाराबाहेर, माणसाच्या उंचीवर, दार फ्रेमच्या मध्यभागी धरून उभे करावे आणि तिथेच पुरेसा वेळ ठेवावे. आत काय आहे ते त्याला दिसू नये. सत्याग्रह काही वर्षे चालला. प्रवेशाची बातमी येण्याआधी त्या प्रतीक्षेची थोडी तरी जाणीव व्हायची असेल तर प्रेक्षकाचीही अडवणूक व्हायला हवी. शेवटी कॅमेरा उंबरठा ओलांडेल तेव्हा त्या साध्या पुढे जाणाऱ्या शॉटला जे वजन येईल, ते ड्रोनने शिखराला घातलेल्या कोणत्याही प्रदक्षिणेला येणार नाही.

लग्नाच्या चित्रीकरणातही हीच निवड रोज करावी लागते, फक्त तिच्याकडे निवड म्हणून कोणी पाहत नाही. अंतरपाट धरलेला असतो. बाजूने, अंतरपाट मध्ये उभ्या रेषेसारखा येईल असा शॉट घेतला तर वधू आणि वर दोघेही दिसतात. एकमेकांना न दिसणारी दोन माणसे प्रेक्षक मात्र एकाच वेळी पाहतो. वधूच्या खांद्यामागून घेतला तर समोर फक्त कापड दिसते आणि प्रेक्षक तिच्याइतकाच अडून राहतो. दोन्ही शॉट उत्तम आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मंगलाष्टके संपेपर्यंत एकीवर ठाम राहिले तर अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी काहीतरी घडते. दोन्हींमध्ये सतत उड्या मारल्या तर तो क्षण कापाकापीतच हरवतो.

पाया धरून ठेवल्यावर तो सोडण्याला किती बळ येते, याचे पुरावे मराठी चित्रपटात भरपूर आहेत. प्रभातच्या १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधला राजगुरूचा फ्रेमभर डोळा आजही सांगितला जातो, कारण त्या काळात प्रेक्षक माणसाला इतक्या जवळून पाहायला सरावलेला नव्हता. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ उलट टोकाचा आहे. मृणाल देसाई यांचा कॅमेरा न्यायालयात लांब आणि स्थिर बसतो. फ्रेममध्ये आरोपी आहे, वकील आहेत, पण कागद चाळणारे कर्मचारी आणि आपल्या खटल्याची वाट पाहणारी माणसेही आहेत. कोणाकडे पाहायचे ते कॅमेरा सांगत नाही. त्यामुळे न्याययंत्रणेचा संथपणा कोणी बोलून दाखवावा लागत नाही, तो आपल्याला सोसावा लागतो. आणि नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब आणि त्याची मजा बघणारे गाव आपण बराच वेळ बाजूने पाहतो, बघ्यांपैकी एक होऊन. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. तोच दगड एखाद्या चित्रपटाच्या पहिल्या मिनिटाला अंगावर आला असता तर ती नुसती युक्ती वाटली असती. इथे आपण तोवर कुठे उभे होतो हे तो दगड दाखवून देतो.

आता दुसरा आक्षेप, जो आजच्या तरुण छायाचित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत खरा आहे. हे सगळे मोठ्या पडद्याचे आणि धीराने बसलेल्या प्रेक्षकाचे शास्त्र झाले. तळहाताएवढ्या पडद्यावर, अंगठा वर सरकायच्या आत लक्ष वेधायचे असेल तर जवळ जावेच लागते, वेगाने कापावेच लागते. छोट्या पडद्यावर लाँग शॉटमधला माणूस मुंगीएवढा होतो हे मान्य. म्हणून पाया लाँग शॉटचाच असावा असे मी म्हणत नाही. मोबाईलसाठीच्या गोष्टीचा पाया कमरेपासून वरचा मिड शॉट असू शकतो, हातांच्या क्लोजअपचाही असू शकतो. येवल्याच्या कारागिराची अर्ध्या मिनिटाची गोष्ट सबंध त्याच्या हातांवर धरली आणि शेवटी एकदाच चेहरा दाखवला, तर तीही पायाशी प्रामाणिक आहे. मुद्दा पाया असण्याचा आहे. उभ्या फ्रेमचे काही फायदेही आहेत. उभा माणूस, मंदिराची दीपमाळ, पुराच्या पाण्यातली मूर्ती या गोष्टी तिच्यात नीट मावतात. ट्रॉल्यांची रांग किंवा पंगत मावत नाही, ती मग टोकाला उभे राहून, रांग खोलवर जाताना घ्यावी लागते. आणि लक्ष वेधण्यासाठी धक्का लागतो हे गृहीत धरले तरी, दर दोन सेकंदांनी अंतर आणि कोन बदलणाऱ्या व्हिडिओत धक्का कशाला म्हणायचे? सगळेच हलत असेल तर काहीच हललेले दिसत नाही.

तिसरे म्हणणे असे की ठरवून चित्रीकरण करणे चित्रपटवाल्यांना परवडते. मिरवणुकीत, गर्दीत, २०२७ च्या सिंहस्थासारख्या ठिकाणी कोण पाया ठरवत बसणार? माझ्या मते अशाच ठिकाणी त्याची सर्वाधिक गरज आहे. गर्दीत सगळे काही महत्त्वाचे वाटते आणि घरी आल्यावर तासन् तासांच्या चित्रणातून एकही गोष्ट उभी राहत नाही. आदल्या दिवशी रिकाम्या घाटावर जाऊन एक जागा निवडा, शक्यतो जिथे एखादी न हलणारी खूण फ्रेममध्ये येते: नारोशंकर मंदिराची घंटा, पूल, पायऱ्यांचा कोपरा. रिकामी फ्रेम घ्या. पर्वणीच्या दिवशी दोन कॅमेरे असतील तर एक तिथून हलवूच नका. एकच असेल तर ठरावीक वेळांनी त्याच जागी परत या. ते जमणार नसेल तर निदान एका माणसाबरोबर राहा. सफाई कामगार, होडीवाला, हरवलेल्यांची नावे पुकारणारा स्वयंसेवक, यांपैकी कोणीही एक त्या लाखोंच्या गर्दीचे माप होऊ शकतो. ड्रोनला परवानगी लागते आणि अशा दिवशी ती सहज मिळणारही नाही. पण मिळाली तरी वरच्या शॉटमधून संख्या कळते, माणूस कळत नाही, एवढे लक्षात ठेवून तो एकदाच वापरावा.

हलत्या कॅमेऱ्यालाही हेच लागू होते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा एखाद्या वारकरी बाईच्या बाजूने चालत शॉट घ्यायचा असेल, तर ती फ्रेममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकाराची राहील असे अंतर सांभाळा. मग मागे रस्ता, शेते, गावे बदलतात आणि तिचे चालणे दिसते. शिवाय रस्त्याच्या एकाच बाजूला राहा. डावीकडून उजवीकडे चाललेली दिंडी, तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडून टिपलीत की पडद्यावर उजवीकडून डावीकडे येते आणि माणसे पंढरपूरहून परत निघाल्यासारखी दिसतात. बाजू बदलणे भाग असेल तर मध्ये थेट समोरून किंवा पाठीमागून एक शॉट ठेवा, म्हणजे प्रेक्षक तुमच्याबरोबर रस्ता ओलांडतो.

हे प्रत्यक्ष करून पाहायला नाशिकमध्ये रंगपंचमीची रहाड हा फार चांगला विषय आहे. रहाड म्हणजे रस्त्याखालचा रंगाचा हौद. पेशवेकाळापासूनच्या या रहाडी वर्षभर बुजवलेल्या असतात. शनि चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा इथे त्यांच्यावरून रोजची वाहतूक चालते. सण जवळ आला की त्या उघडतात, पूजा होते, रंग तयार होतो आणि माणसे त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात. नेहमीचा व्हिडिओ उडीपासून सुरू होतो आणि उडीवरच संपतो. त्याऐवजी आठ दिवस आधी चौकातल्या एखाद्या गॅलरीतून अशी फ्रेम ठरवा की रहाडीची जागा, एक दुकान आणि रस्त्याचे वळण त्यात येईल. रहाड बंद असताना, लोक तिच्यावरून स्कूटर नेत असताना, एक मिनिट घ्या. उघडताना तिथूनच घ्या, रंगपंचमीला तिथूनच, आणि पुन्हा बुजवल्यावर तिथूनच. हा झाला पाया. याशिवाय तीनच गोष्टी जवळून घ्या: माती आणि फळ्या काढणारे हात, रंगाच्या पाण्याचा पृष्ठभाग आणि पाण्याच्या पातळीवरून एक धप्पा. तो शेवटचा शॉट पाण्यालगत खाली कॅमेरा नेऊन घ्या, उडी मारणाऱ्याच्या उंचीवरून नव्हे, कारण आधी गॅलरीतून रस्त्याचा तुकडा वाटणारी ती जागा किती खोल आहे हे तिथूनच कळेल. कॅमेऱ्याला जलरोधक पिशवी लागेल आणि काठावर तुम्हाला धरून उभा राहणारा माणूसही.

चित्रीकरणाआधी शॉट डिव्हिजन कागदावर करताना शॉटचे नाव लिहिण्यापूर्वी त्याच्यासमोर एक वाक्य लिहा: हा शॉट संपेपर्यंत प्रेक्षकाला आधी माहीत नसलेले काय कळेल. ‘रहाड रस्त्याखाली आहे हे कळेल’ असे वाक्य लिहिता आले तर शॉटचे अंतर आणि कोन त्यातूनच सुचतात. ‘छान दिसेल’ एवढेच लिहिता येत असेल तर तो शॉट यादीच्या तळाशी ठेवा आणि वेळ उरला तर घ्या. प्रत्येक शॉट घटनेच्या आधी दहा सेकंद सुरू करा आणि नंतर दहा सेकंद चालू राहू द्या, कारण बदल दाखवायला बदलापूर्वीची स्थिती हातात असावी लागते आणि ती नंतर मिळत नाही. संकलनाला बसल्यावर पहिली जोडणी आवाज बंद करून, रहाड कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि काय घडले ते त्याला सांगायला लावा. जिथे तो अडखळेल तिथे बहुधा नवा अँगल कमी पडलेला नसतो. त्याआधीची गॅलरीतली फ्रेम तुम्ही फार लवकर कापलेली असते. ती चार-पाच सेकंदांनी वाढवा आणि तोच तुकडा त्याला पुन्हा दाखवा.